हिरवी तार

बुऱ्हाणपुरात ज्याची मोटर जळाली तो आधी कपाळाला हात लावी आणि मग भाईदास मिस्त्रीचं घर विचारी. मोटर पॉवरलूमची असो की केळीच्या बागेतल्या विहिरीवरची, भाईदासने नवी तार गुंडाळून भरलेली मोटर परत आली तर ती पाणी शिरून नाहीतर उंदरांनी कुरतडून येई. त्याच्या हाताच्या चुकीने आली असं कोणाला आठवत नव्हतं. हे तो स्वतः बोलत नसे. लोकच बोलत, आणि लोक बोलत असताना तो विडी शोधायच्या निमित्ताने खाली बघे. खाली बघत असला तरी शब्द मात्र एकूण एक ऐके.

घर राजपुऱ्यात होतं. रस्त्याकडच्या ओट्यावर त्याचं काम चाले. तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा डबा, उघड्या पडलेल्या मोटरी, आणि मधे पोत्यावर भाईदास. दार ओलांडून आत गेलं की पुढची खोली, आणि त्या खोलीत त्याच्या सुनेचं, अलकाचं काम. एक टेबल, त्यावर मॉनिटर, शेजारी प्रिंटर, टेबलाखाली भिंतीला टेकवलेला सीपीयूचा डबा. बुऱ्हाणपूरचा जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. नवी हपिसं आली होती, जो तो छापील मागू लागला होता, आणि लग्नाच्या फोटोंचे जुने चिकटवायचे अल्बम जाऊन कॉम्प्युटरवर जुळवलेले अल्बम आले होते. अलका ते अल्बम बनवी. फोटोग्राफर लोक फोटो आणून देत, ती ते कापून, उजळून, नवरानवरीच्या मागे बर्फाचे डोंगर नाहीतर ताजमहाल लावून पानं तयार करी. ती रावेरची, लग्नाआधी कॉम्प्युटरचा क्लास केलेली. भाईदासचा मुलगा नंदकुमार सुरतेला कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये होता, तो सणावाराला येई. त्यामुळे घरात माणसं तीनच. भाईदास, त्याची बायको मालूबाई आणि अलका.

या घरात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. भांडण नव्हतं, तशी रीतच होती. मालूबाईही तिच्या सासऱ्याशी कधी बोलली नव्हती. तो गेला तेव्हा रडली तेवढंच. भाईदास ओट्यावर आणि अलका उंबऱ्यात असली तरी अलका आतल्या बाजूला तोंड करून म्हणे, "आत्याबाई, मामंजींना विचारा, चहा आता करू का मग." मग मालूबाई येऊन विचारी, आणि भाईदास मालूबाईला सांगे, "म्हणावं, मग." तो सुनेचं नावही घेत नसे. ती म्हणजे 'नंदूची बायको', नाहीतर नुसतं 'ती'.

त्या डब्याला पुढच्या बाजूने पेनड्राइव्ह लावायची दोन तोंडं होती, पण दोन्ही मुकी. ज्या दुकानातून डबा जोडून आणला, त्या दुकानदाराने पुढच्या तोंडांच्या तारा आत लावल्याच नव्हत्या. "पीछे लगाओ भाभी, एक ही बात है," असं सांगून त्याने डबा रिक्षात ठेवून दिला होता. एकच बात नव्हती ती. कोणी फोटो घेऊन आला की अलकाला पदर कमरेला खोचून, गुडघ्यावर बसून, टेबलाखाली डोकं घालून भिंतीच्या फटीत हात घालावा लागे. येणारे बहुतेक बाप्येच. त्यातले चांगले छताकडे बघत. सगळेच काही छताकडे बघत नसत. ओट्यावर बसलेला भाईदास अशा वेळी हातोडी उचलून एखाद्या मोटरीच्या कवचावर उगाच ठोकू लागे, म्हणजे आतल्याला कळावं की घरात माणूस आहे.

हे थांबवावं असं त्याच्या मनात पुष्कळ दिवस होतं. बोलायची सोय नव्हती. पण हात तर होते.

एका दुपारी सासूसून दोघी इतवाऱ्यात बाजाराला गेल्या, तेव्हा त्याने डबा ओढून बाहेर घेतला आणि स्क्रू काढले. आतल्या हिरव्या पाटीला मदरबोर्ड म्हणतात हे त्याला माहीत होतं. पुढच्या तोंडांकडून आलेल्या तारा आत नुसत्या लोंबत होत्या. एकेका तोंडाच्या चार. लाल, पांढरी, हिरवी, काळी. प्रत्येकीच्या टोकाला मुगाच्या दाण्याएवढी टोपी आणि टोपीवर मुंगीच्या पायासारखी इंग्रजी अक्षरं. भाईदासचं इंग्रजी मोटरच्या पाटीपुरतं होतं. व्होल्ट ओळखे, आर.पी.एम. ओळखे. बाकीच्यासाठी त्याच्याकडे मीटर होता.

पाटीच्या कडेला यूएसबी लिहिलेल्या जागी सुयांसारख्या पिनांच्या दोन रांगा होत्या. एका रांगेत एक पीन कमी, पडलेल्या दातासारखी. त्याने कॉम्प्युटर चालू करून मीटर लावला. रांगेतल्या पहिल्या पिनेवर पाच व्होल्ट. म्हणजे ही फेज, वीज आणणारी, इथे लाल. हे सोपं होतं. मग त्याने कॉम्प्युटर बंद करून मीटरचं एक टोक डब्याच्या पत्र्याला टेकवलं आणि दुसरं एकेका पिनेवर फिरवलं. चौथ्या पिनेला मीटर वाजला. चौथी पीन बॉडीला लागलेली होती.

बॉडीला लागलेली म्हणजे अर्थिंग. आणि अर्थिंग म्हणजे हिरवी.

यात विचार करण्यासारखं त्याला काही दिसलं नाही. तरुणपणी तो लूमच्या कारखान्यात असताना कोणा शहाण्याने हिरव्या तारेच्या जागी काळी लावली होती. लूमच्या लोखंडात करंट उतरला आणि कडू नावाच्या विणकऱ्याला त्याने भिंतीवर फेकलं. कडू वाचला, पण त्याचा उजवा हात पुढे कायमचा थरथरत राहिला. तेव्हापासून भाईदास मोटर कोणाचीही असो, आधी हिरवी तार हातात घेई, तिची जागा बघे, मगच पुढचं. म्हणून त्याने हिरवी चौथ्या पिनेवर बसवली. राहिल्या पांढरी आणि काळी, राहिल्या मधल्या दोन पिना. पांढरी दुसरीवर, काळी तिसरीवर. दुसऱ्या तोंडाच्या तारा तशाच दुसऱ्या रांगेत. मग कॉम्प्युटर चालू करून पुढच्या तोंडात मीटरची सुई घातली, दुसरी पत्र्याला धरली. पाच व्होल्ट. तारा त्याने पांढऱ्या दोऱ्याने वेण्या घातल्यासारख्या नीट बांधल्या, डबा बंद केला, पुसला आणि तोंडं समोर येतील असा टेबलाशेजारी मांडला.

बाजारातून आल्यावर मालूबाईला तो म्हणाला, "तिला सांग, आता खाली वाकायचं काम नाही. पुढून लावायचं."

मालूबाईने एवढ्यावर थांबायचं ना. ती आत जाऊन म्हणाली, "बघ बाई, दुकानवाल्याला जमलं नाही ते ह्यांनी बसल्या बसल्या करून टाकलं. आता राणीसारखी खुर्चीत बसून लाव."

अलकाने डब्याकडे पाहिलं आणि आतल्या बाजूला बघत म्हटलं, "सांगा त्यांना, फार बरं झालं." तिच्या आवाजात आनंद होता. भाईदासने ओट्यावर विडी शोधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीकांत आला. श्रीकांत जैनाबादचा, नदीपलीकडून पूल ओलांडून मोटरसायकलवर येई. गावातल्या, आसपासच्या लग्नांचे फोटो काढी. त्याच्याकडे स्वतःचा कॉम्प्युटर नव्हता. सायबर कॅफेत बसून कॅमेऱ्याच्या कार्डातले फोटो पेनड्राइव्हवर उतरवी आणि अल्बमसाठी अलकाकडे आणी.

"भाभी, कोकिळाबाईच्या पोरीचं लग्न आहे यात. सगळं एकदम मस्त आलंय," तो म्हणाला. "अल्बम जरा जल्दी पाहिजे, मुलगी सासरी घेऊन जाणार आहे."

अलकाने पेनड्राइव्ह हातात घेतला. ती खुर्चीत होती. डबा तिच्या गुडघ्याशी होता. ती क्षणभर थांबली, टेबलाच्या खणाकडे तिचा हात गेला. खणात तिचा स्वतःचा रिकामा पेनड्राइव्ह असे. ओट्यावर भाईदास तार गुंडाळायचा थांबला होता. ते तिला दिसलं. तिने खण उघडला नाही. श्रीकांतचा पेनड्राइव्ह पुढच्या तोंडात लावला.

"अरे वा, पुढून चालू झालं? किसने किया?"

"मामंजींनी."

भाईदासने ते ऐकलं. असं दुसऱ्यासमोर ती त्याच्याबद्दल पहिल्यांदाच बोलत होती. पेनड्राइव्हचा दिवा एकदा लुकलुकला. मग विझला. अलकाने माऊस हलवला, वाट पाहिली. काढून परत लावायला हात लावला आणि झटकन मागे घेतला. तो तव्यासारखा तापला होता. तिने पदराने धरून काढला, खाली वाकून मागच्या तोंडात लावला. काही नाही. फुंकर मारली, पुसला, परत लावला. काही नाही.

"ये तो गया भाभी," श्रीकांत हळूच म्हणाला. मग त्याचा आवाज बदलला. "कार्ड तर मी पुसलं. दुसऱ्या लग्नाला वापरलं मी ते कार्ड."

ओट्यावर भाईदासच्या हातात तार होती आणि तिचा पुढचा वेढा कुठून घ्यायचा ते त्याला कळेना.

"तुम्ही केलं काय पण?" श्रीकांत विचारत होता. "काल तर ठीक होता. काल कॅफेत मी स्वतः बघितलाय."

अलका म्हणाली, "माझ्याकडूनच झालं काहीतरी. घाईत वाकडा लागला असेल."

त्या वेळी उठायला हवं होतं. दोन पावलांचं अंतर होतं. उंबऱ्यात उभं राहून म्हणायचं होतं, पोरा, तो वाकडा लागलेला नाही, तारा मी लावल्यात. भाईदास उठला नाही. त्याने तारेचं रीळ मांडीवरून खाली ठेवलं आणि परत मांडीवर घेतलं. श्रीकांत त्याच्यासमोरून गेला, "येतो काका," म्हणाला, आणि भाईदासने मान हलवली. नेहमीसारखी.

जेवताना मालूबाई म्हणाली, "तो पेनच खराब असेल. हल्ली माल कसला येतो." अलकाने भाईदासच्या ताटात भाकरी वाढली, नेहमीच्याच हाताने, आणि त्याला घास गिळवेना. ती रागावली असती, ताट आपटलं असतं, तर त्याला जेवता आलं असतं.

संध्याकाळी त्याने पाहिलं, डब्याच्या पुढच्या दोन्ही तोंडांवर चिकटपट्टी लावलेली होती. नीट कापून, कोणाच्या डोळ्यांत येऊ नये अशी. डबा परत भिंतीला टेकवला होता. पुढच्या गिऱ्हाइकाला अलका पुन्हा पदर खोचून टेबलाखाली गेली. भाईदासने हातोडी उचलली आणि ठोकायचा त्याला धीर झाला नाही.

दिवस जाऊ लागले तशी बातमी नदीच्या दोन्ही काठांना पसरली. राजपुऱ्यातल्या मिस्त्रीच्या सुनेकडे फोटो देऊ नका, पेनड्राइव्ह जाळते. दोन फोटोग्राफर, जे आठवड्याला येत, ते यायचे थांबले. एकजण दिलेलं काम अर्धवट उचलून घेऊन गेला. "घरचंच लग्न आहे, मीच करून बघतो," म्हणाला, आणि त्याचं तोंड खोटं बोलत असल्याचं लहान पोरालाही कळलं असतं. अलका रिकाम्या टेबलाशी बसून जुनेच अल्बम उघडी आणि बंद करी. सुरतेहून नंदकुमारचा फोन आला तर ती म्हणे, चाललंय बरं. भाईदास हे सगळं ओट्यावरून ऐके. त्याच्याकडे मोटरी येतच होत्या.

मग एक दिवस कोकिळाबाई आली. नवरीची आई. जैनाबादेत तिची केळीची बाग, तोंडाने फटकळ, पण उगाच कोणाच्या दारात जाणारी नव्हे. ती रिक्षातून उतरली, ओट्यावर भाईदासला "राम राम भाऊ" म्हणाली, आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"अलका, माझ्या पोरीचं लग्न तुझ्या डब्यात जळालं," ती म्हणाली. "मी भांडायला नाही आले. फक्त बघायला आले, बाई कशी आहे ती. पोरगी तिकडे सासरी विचारते, आई, फोटो? मी काय सांगू? लग्न परत लावू का?"

अलका उभी राहिली होती. "चूक माझी आहे, काकू."

"चूक म्हणे. येत नाही तर माणसाने काम घेऊ नये. कोणाचं उजेडात आलेलं अंधारात घालू नये. शिकलेली म्हणतात ना तुला?"

शेजारच्या दोन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. अलकाची मान खाली होती आणि तिचा हात टेबलाची कड घट्ट धरून होता. भाईदास उठला. गुडघे वाजले. तो उंबऱ्याशी येऊन म्हणाला, "कोकिळाबाई, तिला बोलू नका. ते माझ्या हातचं आहे. तारा मी लावल्या होत्या. चुकीच्या लागल्या."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, झालं, सुटलो.

कोकिळाबाईने त्याच्याकडे पाहिलं, आणि तिचा सगळा राग उतरला. पण तो भलत्याच बाजूने उतरला. "भाऊ," ती म्हणाली, "सुनेवर पांघरूण घालता तुम्ही. माणूस चांगले आहात. पण मला सांगू नका. आमच्या विहिरीची मोटर तुम्ही भरली ती माझ्या सासऱ्याच्या वेळची, अजून पाणी काढते. तुमचा हात चुकतो होय?"

"खरंच सांगतो..."

"राहू द्या. तुमच्या तोंडाकडे बघून मी गप्प बसते." ती अलकाकडे वळली. "असा सासरा मिळाला, नशीब समज."

ती गेली. शेजारणी मालूबाईपाशी आल्या. एक म्हणाली, "आमचे असते तर सुनेला चार शब्द सुनावून मोकळे झाले असते. देवमाणूस आहे तुमचं माणूस." मालूबाईने पदराने डोळे टिपले. भाईदास ओट्यावर बसला होता, आणि हे त्याच्या कानावर आलं, आणि त्याला गोड लागलं. क्षणभरच, पण लागलं. घशात साखर विरघळावी तसं. मग त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला काय गोड लागतंय, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पोरीचं नाव गेलं होतं, आणि त्यातूनही याचंच नाव मोठं होत होतं.

त्या दिवशी त्याने मोटर हातात घेतली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आत आला, टेबलापासून जरा दूर, भिंतीशी मांडी घालून बसला. मालूबाई तांदूळ निवडत होती. अलका टेबलाशी.

"तिला विचार," भाईदास म्हणाला, "माझं चुकलं कुठे ते."

"कुठे चुकलं विचारतात," मालूबाई म्हणाली.

अलका मॉनिटरकडे बघत म्हणाली, "सांगा, आत्याबाई, यात हिरवी अर्थिंगची नसते. हिरवी आणि पांढरी डेटाच्या. काळी ग्राउंड."

मालूबाई भाईदासकडे वळली. "हिरवी-पांढरी दादाच्या आहेत म्हणते. काळं ग्राउंड."

"कोणत्या दादाच्या?"

"तिच्या भावाच्या असतील. रावेरला आहे ना तो."

"आणि ग्राउंड कुठलं?"

"शाळेचं असेल. मला काय विचारता, तारा तुम्ही लावल्या."

अलकाच्या खांद्यांवरून कळलं की ती हसू दाबते आहे. भाईदासलाही हसू आलं असतं, पण त्याला कारण हवं होतं, आणि ते असं हातोहाती यायला लागलं तर वाटेतच सांडत होतं.

"अलका," तो म्हणाला.

मालूबाईचा सुपातला हात थांबला. अलका खुर्चीत वळली. पदर डोक्यावर घेतला, पण वळली.

"तूच सांग. हिरवी काय करते?"

"निरोप नेते, मामंजी. हिरवी आणि पांढरी, दोघी मिळून. फोटो त्यांच्यातून येतात जातात. वीज लालमधून येते, काळीतून परत जाते."

"आणि बॉडीला लागलेली?"

"तीही काळीच. यात ग्राउंड आणि परतीची एकच असते."

परतीची तार आणि अर्थिंगची तार एक, असं आयुष्यात कोणी त्याला सांगितलं असतं तर त्याने त्याला लूमच्या जवळ उभं राहू दिलं नसतं. "म्हणजे परतीची वाट मी निरोपाच्या पिनेत घातली, आणि निरोप जमिनीत."

"हो."

"तुला आधी माहीत होतं?"

"नाही. जळाल्यावर उघडून बघितलं."

"आधी का नाही बघितलंस? तुझा रिकामा होता ना खणात. तो का नाही लावलास?"

मालूबाईने सूप हलवलं आणि परत थांबवलं.

"तुम्ही ओट्यावर बसला होता," अलका म्हणाली.

एवढंच. पण भाईदासला ते कोकिळाबाईच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जोरात लागलं. तपासून बघितलं असतं तर सासऱ्याच्या हातावर विश्वास नाही असं झालं असतं. त्याच्या मोठेपणाला धक्का नको म्हणून पोरीने दुसऱ्याचं लग्न त्या डब्याच्या तोंडात घातलं होतं. आणि तो ओट्यावर का बसला होता? कौतुक ऐकायला. तार गुंडाळायची थांबवून.

"तारा अजून तशाच आहेत?"

"तशाच. मी फक्त पट्टी लावली. तुमचं काम कसं उपटू?"

"बरं केलंस," तो म्हणाला. "राहू दे तशाच."

दुपारी तो स्वतः बाजारात जाऊन एक नवा पेनड्राइव्ह घेऊन आला. येताना श्रीकांतला आणि कोकिळाबाईला निरोप दिले. आणि भिकनलाही बोलावलं. भिकनचे स्वतःचे लूम होते, भाईदासकडे सगळ्यात जास्त मोटरी त्याच्याच येत, आणि एखाद्या कारागिराबद्दल भिकन जे बोले ते संध्याकाळपर्यंत सगळ्या कारखान्यांत पोचे. अलकाने बेत ऐकला तेव्हा ती थेट त्याला म्हणाली, "नको मामंजी. श्रीकांतला मी एकटीने समजावून सांगते. भिकनशेठला कशाला? तुमची कामं जातील."

"कोकिळाबाईंना मी सांगून बघितलं. माझं खरं वाटत नाही त्यांना," भाईदास म्हणाला. "दाखवायलाच लागेल."

दुसऱ्या दिवशी तिघेही आले. कोकिळाबाई खुर्चीत, भिकन दाराला टेकून, श्रीकांत उभाच. मालूबाईने चहा केला होता, तो कोणी घेतला नाही. भाईदासने डबा खोलीच्या मधे ओढला, पत्रा काढला. आतल्या तारा पांढऱ्या दोऱ्याने वेणीसारख्या बांधलेल्या होत्या.

"भिकन, हा दोरा कोणाचा?"

भिकन वाकला. "मोटर भरायचा. तुझाच. गाठही तुझी."

"हिरवी कुठे लावलीय बघ."

"बॉडीला. बरोबर आहे की."

भाईदासने पुढच्या तोंडावरची पट्टी सोलून काढली. नवा पेनड्राइव्ह अलकाने आधी मागच्या तोंडात लावून दाखवला. पडद्यावर त्याचं चित्र उमटलं, श्रीकांतने मान हलवली. मग भाईदासने तो स्वतःच्या हाताने पुढे लावला. दिवा लुकलुकला, विझला. थोड्या वेळाने तो श्रीकांतला म्हणाला, "हात लाव."

श्रीकांतने लावला आणि काढला.

"कोकिळाबाई, तुम्हीही लावा."

"मी काय करू लावून," ती म्हणाली, पण तिने बोट टेकवलं. बोट चोळत ती भाईदासकडे बघत राहिली. परवा चांगला होता तो माणूस आता तिच्या नजरेत कोणी दुसराच होता. हेच हवं होतं त्याला, तरी ती नजर त्याला सोसेना. त्याने डोळे डब्यात घातले.

"त्या दिवशी हिने सांगितलं, माझी चूक," तो म्हणाला. "मी ओट्यावर होतो. ऐकत होतो. उठलो नाही."

भिकनने घसा साफ केला. "मिस्त्री, हिरवी म्हणजे अर्थिंग हे शेंबड्या पोरालाही माहीत. मीही तिथेच लावली असती. यात कसली लाज."

"तू लावली असतीस," भाईदास म्हणाला, "तर माझ्या सुनेने आधी तपासून बघितलं असतं."

भिकन "बघू, येतो," म्हणून निघून गेला. कामाचं काही बोलला नाही. एरवी निघताना बोलत असे.

कोकिळाबाई उठली. उंबऱ्यापाशी थांबून अलकाला म्हणाली, "मी त्या दिवशी तुला काय काय बोलले." मग वेगळंच म्हणाली, "व्हिडिओवाल्याची शीडी आहे माझ्याकडे. त्यातनं फोटो निघतात का?"

"सीडीतून निघतात, काकू. एवढे साफ नाही येत. पण निघतात. पाहुण्यांच्या मोबाइलमधले असतील तेही आणा."

"माझ्या पोरीचा चेहरा साफ आला म्हणजे झालं. बाकीच्यांचे कसेही येऊ देत." ती रिक्षाकडे गेली. भाईदासला राम राम म्हणाली नाही.

श्रीकांत मागे राहिला होता. "भाभी, त्या व्हिडिओवाल्याला मी ओळखतो. त्याच्याकडे ओरिजिनल असेल. मी घेऊन येतो," तो म्हणाला. "और सुनो, पुढच्या हप्त्यात माझी दोन लग्नं आहेत. ते काम तुम्हीच करा." जाताना त्याने भाईदासकडे पाहिलं, काका म्हणावं की नाही अशा बेताने, आणि न म्हणताच मोटरसायकल चालू केली.

खोलीत तिघं राहिली. चहावर साय धरली होती. मालूबाईने कप उचलले आणि भाईदासकडे न बघता आत गेली. तिला शेजारणींना तोंड दाखवायचं होतं. त्याबद्दल ती आज ना उद्या बोलणारच होती.

अलका डब्याजवळ खाली बसली. तिने दोऱ्याची गाठ सोडवायचा प्रयत्न केला, ती सुटेना. भाईदासने हात पुढे केला, आणि अर्ध्यावरच थांबवला. तिने गाठ कात्रीने कापली. एक एक टोपी काढून ती अक्षरं वाचू लागली. डब्याच्या आत उजेड कमी होता.

"मामंजी, बॅटरी धरता का?"

त्याने ओट्यावरून बॅटरी आणली आणि तिच्या हातांवर धरली. काळी शेवटच्या पिनेवर गेली. हिरवी तिच्या अलीकडे.

"जरा खाली," अलका म्हणाली. "अजून. हां, तिथेच राहू द्या."

तो तिथेच धरून राहिला.